शेवटच्या माणसापर्यंत

आमच्या चित्रकलेच्या सरांचे कान फार तिखट होते. फळ्याकडे तोंड करून ते कमळ काढत असायचे आणि मागच्या बाकावर कोणी चिंचेचा आकडा मोडला, तरी मान न वळवता त्याचं नाव घ्यायचे. पण दिवाळीची सुट्टी संपून गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या, की हेच सर ठार बहिरे व्हायचे. मैदानात लाकडी खुर्ची टाकून बसायचे, उजवा हात कानामागे धरायचे आणि म्हणायचे, “ऐकू आलं नाही.” सोनईच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांना सगळे ‘भैरं मास्तर’ म्हणत. ते नाव मात्र त्यांना बाराही महिने ऐकू येत नसे.

नाटकातला त्यांचा नियम एकच. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. हा शेवटचा माणूस कोण, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. घोडेगावच्या बाजारात दिवसभर उभा राहून बैल न विकता परत आलेला, पाय दुखत असलेला, सगळ्यांच्या मागं टेकून उभा. “पुढं बसलेत ते तुमचे आईबाप, ते काहीही ऐकून घेतील,” सर म्हणायचे. “त्या माणसाला घरी जायचंय. त्याला थांबवा.”

मी आठवीत होते तेव्हा दुष्काळाचं साल होतं. गावातली निम्मी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. यंदा गॅदरिंग नको, असं बहुतेकांचं मत पडलं. सरांनी मात्र स्वतःच एक नाटक लिहून आणलं. गाव मिळून विहीर खणतं, पाणी लागत नाही म्हणून सगळे टिकाव टाकून बसतात, आणि एक म्हातारी त्यांना उठवते, एवढीच गोष्ट. म्हातारीचं शेवटचं भाषण दीड पानाचं. ते काम मला मिळणार याबद्दल कोणाला शंका नव्हती. मला तर नव्हतीच. मी पोस्टमास्तरांची मुलगी. उच्चार स्वच्छ, पाठांतर पक्कं, वक्तृत्वाची तीन बक्षिसं घरच्या फडताळात.

सरांनी ते काम द्रुपदाला दिलं. द्रुपदा माझ्याच वर्गातली, लांबच्या वस्तीवरून चालत यायची. हजेरीला ‘हजर’ म्हणायचीही तिला इतकी भीती, की ती नुसता हात वर करायची. मला सर म्हणाले, “तुझं तयार आहे, कुसुम. तू विंगेत वही घेऊन उभी राहा. कोणी अडलं तर ओळ सांग. आणि हिला ‘ण’ शिकव.”

सरांनी द्रुपदाला कसं बोलतं केलं, ते मी रोज विंगेतून बघत होते. पहिल्या दिवशी खुर्ची तिच्यासमोर हातभरावर. ती जे पुटपुटली ते त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी खुर्ची दोन पावलं मागं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. पंधरा दिवसांत खुर्ची झेंड्याच्या खांबापाशी पोचली, महिन्याभरात लिंबाखाली. शेवटच्या आठवड्यात सर फाटकाबाहेर रस्त्यातच बसले होते. एक सायकलवाला घंटी वाजवून वाजवून थकला आणि शेवटी उतरून बाजूनं गेला. या सगळ्या दिवसांत ‘घाबरू नकोस’ असं ते तिला एकदाही म्हणाले नाहीत.

‘ण’ मात्र जमेना. मी तिला जीभ टाळूला लावायला सांगायची. ती दहा वेळा प्रयत्न करून ‘पानी’ म्हणायची आणि स्वतःच हसायची. येताना ओच्यात बोरं आणायची, त्यातली निम्मी मला. “तू हायेस ना आत,” म्हणायची, “मग मला भ्या न्हाई.”

आता पुढचं लिहिते, ते पंचवीस वर्षं मी कोणाजवळ बोलले नव्हते.

कामाला सुट्टी असायची त्या दिवशी दुपारी नाटक झालं. खडी फोडणारी माणसं आली होती, हाताला चिंध्या बांधलेल्या. द्रुपदा आईचं लुगडं नेसून काठी टेकत आली, पहिलं वाक्य बोलली आणि थांबली. तिनं विंगेकडे पाहिलं. वही माझ्या हातात होती. बोट ओळीवर होतं. ओळ तर मला न बघताही येत होती. मी ती सांगितली नाही. मान खाली घालून वहीत बघत राहिले.

कोणीतरी खोकलं. पोरं हसू लागली. मग द्रुपदानं माझ्यावरची नजर काढली आणि समोर, पार शेवटपर्यंत पाहिलं. तिथं सर उभे होते, हात कानामागे.

“काय बगताय?” ती म्हणाली. हे नाटकात नव्हतं. “पानी खोल गेलंय, म्हून आपन बी खोल जायाचं. ते काय आपल्याला भिऊन वर येतंय व्हय? उचला टिकाव.”

मागून एक माणूस बोलला, “उचलला गं बाई.” सगळं मैदान हसलं, आणि मग टाळ्या थांबेनात.

आत येऊन तिनं मला मिठी मारली. “तुला बी घावली न्हाई व्हय ओळ? असू दे.” पान उलटलं होतं, असं मी म्हणाले. सरांनी विचारलं, आतून आवाज आला नाही का? त्यांना मी सांगितलं, की मी ओळ सांगितली होती, तिलाच ऐकू आली नसेल.  “असेल,” सर म्हणाले. त्या दिवसापासून मी द्रुपदाशी बोलणं टाळलं. पुढच्या वर्षी वडिलांची बदली झाली, ती मला सुटकाच वाटली.

पुढं मीही शिक्षिका झाले. गॅदरिंग बसवताना खुर्ची मागं मागं नेते, हात कानामागे धरते. मुलींचे आवाज उघडताना बघून फार बरं वाटतं, आणि दर वेळी ती वही आठवते. शेवटी दोन वर्षांपूर्वी सरांना भेटायला नेवाशाला गेले. सर आता खरोखर बहिरे झाले होते. कानाचं यंत्र टेबलावर काढून ठेवलेलं. मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी हात कानामागे धरला. “ऐकू आलं नाही.”

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. त्यांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागं सरकवली.

“सर,” मी ओरडले, “द्रुपदाला मी ओळ मुद्दाम सांगितली नाही.”

सूनबाई चहा घेऊन दारातच थांबल्या. सर हसले. “ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं. तुझ्या तोंडून यायचं राहिलं होतं.” मग बशीत चहा ओतत म्हणाले, “पण शेवटचा माणूस मी नाही. ती सोनईला बसलीय.”

द्रुपदाचं सोनईच्या पेठेत बियाण्यांचं दुकान आहे. रस्त्याच्या पलीकडूनच तिचा आवाज ऐकू आला. ती अजून ‘पानी’च म्हणते. मी गिऱ्हाइकांच्या मागं उभी राहून बोलायला लागले, तर म्हणाली, “मोठ्यानं बोल गं, गलका हाय.” मग मी सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं.

ती पोत्याचं तोंड शिवत होती. दाभण थांबलं.

“ओळीचं काय न्हाई,” ती म्हणाली. “दिली असतीस तर मी तीच म्हनले असते. पर त्याच्यानंतर तू बोलायचीच थांबलीस. माझं काय चुकलं, ह्ये मी लई दिवस शोधत हुते.”



त्याच वर्षी थंडीत सर गेले. त्याआधी ही गोष्ट सांगायला मी गेले तेव्हा ते अंथरुणावर होते, यंत्र कानात होतं. पुढं काय झालं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की द्रुपदानं दाभण खाली ठेवलं, लोखंडी स्टूल ओढून अगदी स्वतःच्या गुडघ्याजवळ आणलं आणि म्हणाली, “हितं बस. आता हळू बोललीस तरी चालंल.”