पाणी पिणारा पडाव

काल शोकेस पुसताना सासऱ्यांनी घडवलेल्या छोट्या लाकडी पडावाला हात लागला आणि बोटांना माशाच्या तेलाचा वास आला. इतक्या वर्षांनीही! त्या वासाबरोबर मी बेलापूरच्या जुन्या घराच्या ओटीवर जाऊन बसले.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी लग्न होऊन साताऱ्याकडून नुकतीच आलेली. खाडीलगतची मिठागरं भरावाखाली जात होती आणि मीठ वाहणारी सासऱ्यांची मोठी होडी, त्यांचा पडाव, चिखलात कुजत होता. ते ओहोटीला जाऊन, दोरीला गाठी मारून त्याची मापं आणत आणि ओटीवर तसाच हातभर लांबीचा पडाव घडवत. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूससुद्धा अगदी खऱ्यासारखा. मला तो म्हातारपणीचा खेळ वाटायचा.

पुरा झाल्यावर त्यांनी मला त्याला हळदकुंकू लावायला सांगितलं, नारळ फोडला आणि पडाव घंगाळात सोडला. लगेच तळातून पाणी झिरपू लागलं. घाबरून मी तो उचलायला हात घातला.

"र्‍हाऊदे बाय," ते म्हणाले. "नवी होरी पानी पितेच. लाकूर फुगला का फटी मिटतान."

पाण्यावर ऊन हलत होतं. आम्ही दोघं बघत राहिलो. हळूहळू झिरपणं थांबलं आणि पडाव भरल्या अंगानं तरंगू लागला.

काचेआड सुकून आता त्याच्या फळ्या फाकल्यात. काल मी टबात पाणी भरून तो सोडला. आत पाणी चढताना बघून माझी सून धावली, "आई, खराब होईल ना!"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "र्‍हाऊदे बाय."