बीडची मुकी शाळा आणि मेंदीचा हात

मी सांगतेय आणि माझी नात अश्विनी टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, त्यामुळं ती मधे काय घुसडेल ते तिलाच ठाऊक. वाचून चांगलं वाटलं तर माझं, चुका दिसल्या तर तिच्या.

अश्विनीला मास्तरीण व्हायचंय. त्याची परीक्षा आता कॉम्प्युटरवर असते आणि केंद्र आलं बीडच्या एका शाळेत. मागच्या खेपेला ती थोडक्यात हुकली. या खेपेला हुकली तर तिचा बाप स्थळं बघायला लागणार, हे घरात ठरलेलं. पोरीला सोबत म्हणून मी निघाले, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर शाळा आतून बघायची माझीच हौस राहिली होती.

गावातून पाटोद्यापर्यंत जीप, तिथून सकाळची एसटी. मला पंच्याहत्तरीचं फुकट, तिला बायांचं अर्धं तिकीट. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, वाटेतल्या वड्याच्या नादी लागू नका. मांजरसुंब्याच्या घाटात मात्र खिडकी सोडू नका.

ते डोंगर बघितले की मला आमची शाळा आठवते. ती मारुतीच्या देवळात भरायची. भाऊ आत पाटीसमोर, मी बाहेर शेळ्यांमागं. पण गुरुजी पोरांकडून पाढे असे गर्जून घ्यायचे की शेळ्यासुद्धा माना वर करायच्या. तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, सगळं मी भिंतीला पाठ लावून उचललं. भाऊ विसरला, मी नाही.

बीडच्या स्टँडवरून केंद्र बरंच लांब, गावाबाहेर. रिक्षावाला ‘स्पेशल’ म्हणाला तर सरळ चालायला लागा. तो मागून येतो.

फाटकावर अंगठ्याचं मशीन. अश्विनीनं अंगठा ठेवला, लाल दिवा. दुसरा ठेवला, लाल. बोटं मेंदीनं शेंड्यापर्यंत रंगलेली. दोन दिवसांपूर्वी भाचीच्या पोरीचं लग्न झालं, तिथं मीच तिला धरून बसवलं होतं. “आजी, मेंदी लावू नका असं परीक्षेच्या कागदावर लिहिलंय,” ती म्हणाली होती. “कागद मला शकुन शिकवणार व्हय?” मी म्हटलं होतं.

मशीनपाशी बसलेल्या मॅडम म्हणाल्या, “बाजूला व्हा. दहा मिनिटांत गेट बंद होईल.”

अश्विनी माझ्याकडं बघेना. ओढणीनं बोटं पुसत राहिली. पोरीचं वरीस मी माझ्या हातानं रंगवून ठेवलं होतं.

“पुसू नको गं,” मी फाटकाबाहेरून ओरडले. “कपाळावर घास! नाकाच्या शेंड्यावर घास! जरा तेलकट होऊ दे.”

“आजी, तुम्ही बाहेर थांबा,” मॅडम म्हणाल्या.

“बाहेरच हाय की मी. तिचा डावा अंगठा घ्या. दाबू नका, नुसता टेकवा.”

लाल. परत लाल. पोरीनं पुन्हा कपाळावर घासला. हिरवा!

“हे कुठं शिकलात?” मॅडमना हसू आलं.

“रेशनच्या दुकानात. तिथल्या मशीनला माझा अंगठा दिसत न्हाई आन् पोट तर त्याहून दिसत न्हाई.”

समोर एका चाचांचा सीताफळांचा गाडा होता. परीक्षेच्या पोरांच्या पिशव्या, मोबाइल तेच सांभाळतात. त्यांच्या खोक्यावर बसून मी कान लावला. तास झाला, दोन तास झाले. एवढी शेकडो पोरं आत, आणि आवाज फक्त थंड हवेच्या यंत्राचा.

“क्या सुनरे, अम्मा?” चाचांनी विचारलं.

“शाळा ऐकायला बसले, पण मुकी हाय हो ही.”

“आजकल ऐसाच हाय. मेरा पोता कान में डोरी डाल के पढता. हँसता बी अकेलाच.”

भिंतीबाहेर तीन तास बसले, पण पदरात काही पडलं नाही. सीताफळ तेवढं गोड होतं.

अश्विनी बाहेर आली. “कसं गेलं?” “काय माहीत, आजी. नुसती बटणं दाबली.” परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर झोपली, आणि मेंदीबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर कितीतरी दिवस मला तो लाल दिवाच दिसायचा. एका दुपारी निकाल आला, तोही मोबाइलवर. आमच्या वेळी गुरुजी निकाल देवळापुढं मोठ्यानं वाचायचे. पास झालेला अन् नापास झालेला, दोघंही गावाला कळायचे. इथं मी चुलीपाशी बसून तिचं तोंड वाचत होते.

“झाले, आजी,” ती पुटपुटली.

“असं हळू काहून सांगती? ओट्यावर जाऊन सांग!”

ती लाजली. मग मीच गेले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “अश्वी पास झाली रे!”

पलीकडच्या वावरात तिचा बाप मोबाइल कानाला लावून कुणाशी तरी स्थळाचंच बोलत होता. त्यानं मोबाइल कानावरून काढला, खिशात टाकला आणि धोतर सावरत घराकडं पळत सुटला.