योश्कोच्या वतीने दिलेलं उत्तर

नेवेन्का बारिशिचशी माझं पहिल्याच दिवशी भांडण झालं. मेलबर्नच्या आमच्या संशोधन संस्थेत उंदरांच्या खोल्या मी सांभाळत असे, आणि ही नवी बाई माझे पिंजरे माझ्यादेखत पुन्हा धुवायला लागली.

"अगं, धुतलेत ते!" मी ओरडले.

"दिसलं मला. म्हणूनच धुतेय."

पुढची बावीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला. तिच्या डब्यात खारवलेले मासे असत आणि माझ्या सँडविचकडे ती दयेने बघत असे.

आमच्या उंदरांना मुद्दाम संधिवात जडवलेला असे. शरीरात सूज पेटवणारं एक प्रथिन असतं, शास्त्रज्ञ त्याला सायटोकाइन म्हणत. त्याला धरून निकामी करणारी प्रतिपिंडं वरच्या मजल्यावर तयार होत. अर्ध्या पिंजऱ्यांना हे खरं औषध, अर्ध्यांना खोटं. बाटल्यांवर नुसते आकडे. सुजलेले पंजे मोजायचं काम आमचं, म्हणून कोणतं खरं ते आम्हाला कळू नये असा नियम होता. नेवेन्काला मात्र चौथ्या दिवशीच कळे. एखादा उंदीर जाळी धरून वर चढला की ती ओठ घट्ट मिटून माप लिहायची.

तिचा जीव टांगणीला लागला होता तो धाकट्या भावासाठी. योश्को दगड घडवणारा माणूस. पंचेचाळिशीतच संधिवाताने त्याची बोटं वाकडी झाली, छिन्नी सुटली. मेलबर्नच्या फुटस्क्रे उपनगरात तो बहिणीकडेच राही. रविवारी क्लबात त्यांच्या मायदेशातल्या गावाकडची मंडळी गोळे फेकायचा खेळ खेळत आणि हा बाकावर बसून सगळ्यांच्या चुका काढी. त्याच्या शर्टाची बटणं रोज नेवेन्का लावायची.

"ताई, वरचं बटण राहू दे. गळा दाबतेस."

"दाबला असता तर केव्हाच सुटले असते मी!"

मग तेच औषध माणसांवर तपासायला सुरुवात झाली. नेवेन्काने डॉक्टरांच्या मागे लागून योश्कोचं नाव घातलं. इस्पितळात दुभाषी तीच, कारण त्याचं इंग्रजी सिमेंट आणि बिअर यांपुरतंच. नर्स विचारी, ही त्याला त्यांच्या भाषेत विचारी, तो काहीतरी चावटपणे सांगी आणि ही त्यातलं सभ्य तेवढं नर्सला सांगी. हृदयविकार? मधुमेह? असं चाललं होतं.

"क्षय झाला होता कधी?"

हा प्रश्न नेवेन्काने भावाला विचारलाच नाही. "नाही," ती म्हणाली.

सहाव्या आठवड्यात योश्कोने स्वतःचा शर्ट स्वतः घातला. त्या रविवारी त्याने गोळा फेकला आणि क्लबातले म्हातारे उभे राहिले. सोमवारी नेवेन्का हसत-रडत माझ्या गळ्यात पडली. "जाळीवर चढला गं माझा उंदीर!"

जुलैत त्याला ताप आला. घामाने अंथरूण भिजे, माणूस वाळत चालला. छातीचा फोटो ठीक होता. डॉक्टर कर्करोग शोधत राहिले आणि त्यात पाच आठवडे गेले. अखेर क्षय सापडला तो पोटात आणि मेंदूच्या आवरणात. सांधे पेटवणारं ते प्रथिनच जुन्या जंतूंना कोंडून ठेवण्यातही हातभार लावतं, असं डॉक्टरांनी समजावलं. आम्ही त्यालाच निकामी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी नेवेन्का पिंजऱ्यांपाशी स्टुलावर बसली आणि तिने मला सगळं सांगितलं. योश्को सात वर्षांचा असताना एक अख्खा हिवाळा अंथरुणात होता, रक्त थुंकत होता. पुढे बरा झाला. मेलबर्नला यायच्या बोटीत बसायच्या आधी आईने दोघांचे खांदे धरून बजावलं, क्षयाचं कुणीही विचारलं तरी नाही म्हणायचं, नाहीतर बोटीत घेणार नाहीत, इथेच राहाल.

"पस्तीस वर्षं झाली बोटीतून उतरून," ती म्हणाली. "आणि माझ्या तोंडातून 'नाही'च आलं. खोटं बोलतेय हेसुद्धा मला कळलं नाही गं."

"तुझा दोष नाही," मी म्हणाले. आणि मला माझीच लाज वाटली. असलं गोडगोड आम्ही एकमेकींशी कधी बोललो नव्हतो.

योश्को सप्टेंबरात गेला. शेवटचा शर्ट तिनेच घातला. वरचं बटण उघडं ठेवलं.

पुढच्या वर्षीपासून नेवेन्का दर शनिवारी त्याच इस्पितळात जाऊ लागली, आपल्या गावाकडच्या म्हाताऱ्यांची दुभाषी म्हणून, फुकट. तिला घरी न्यायला मी गाडी घेऊन जाई आणि वाटेत ती सगळं सांगे, म्हणून मला तिची रीत ठाऊक आहे. क्षयाचा तो प्रश्न आला की ती नातेवाइकांना बाहेर काढायची. नर्सचा प्रश्न तसाच सांगायची नाही. म्हाताऱ्याचा हात हातात घ्यायची आणि विचारायची, "बोटीत बसताना आईने तुला काय सांगू नकोस म्हणून सांगितलं होतं?"

एकदा एका म्हाताऱ्याने हळूच छातीवर हात ठेवला. नेवेन्काने ते नर्सला सांगितलं, त्याची टोपी त्याच्या डोक्यावर नीट बसवली आणि बाहेर येऊन माझ्या गाडीत बसली.

"एवढंच विचारायचं होतं गं योश्कोला," ती म्हणाली. "एवढंच."