थोडंसं खेळलेली सून

चौकातल्या किल्ल्यांच्या दुकानावर दोन पाट्या होत्या. मोठी दुकानाची आणि तिच्याखाली वीतभर लांबीची, पाण्याखालच्या हॉकीच्या राष्ट्रीय संघटनेची. किल्ली करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "ही हॉकी खरंच पाण्याखाली खेळतात?" की किल्लीवाले कानस खाली ठेवायचे आणि गिऱ्हाईक अर्धा तास अडकायचं. सहा जण इकडे, सहा तिकडे. पायात फ्लिपर, हातात छोटी स्टिक, आणि पोहण्याच्या तलावाच्या तळाशी शिशाची जड चकती. ती श्वास रोखून ढकलत न्यायची. "पण कशासाठी?" असं कुणी विचारलं, तर मात्र किल्लीवाले पुन्हा कानस उचलायचे.

ते एकोणीस वर्षं संघटनेचे सचिव होते. देशभरात खेळाडू मोजून त्रेसष्ट. त्यातले चार त्यांच्याच घरातले, म्हणजे ते स्वतः, मुलगा, सून आणि बायको. बायकोला पोहता येत नव्हतं, पण आकडा फार खाली जायला नको म्हणून तिचं नाव यादीत घातलं होतं.

सून परदेशातली. मुलाची आणि तिची ओळख एका स्पर्धेतच झाली होती. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी ती तलावात उतरली आणि सासऱ्याच्या स्टिकखालून चकती अशी काढून नेली, की किल्लीवाले वर येऊन खोकत बसले. सुनेने सासऱ्याला पाणी पाजलं, ही बातमी दुपारपर्यंत त्रेसष्ट जणांत पसरली. सगळ्यांत खूश किल्लीवालेच होते.

जागतिक स्पर्धेसाठी महिला संघ निवडायची वेळ आली. अर्जात एक प्रश्न होता, 'याआधी दुसऱ्या देशाकडून खेळला आहात का?' पुढे होय आणि नाही अशा दोन चौकटी. सुनेने दोन्ही मोकळ्या सोडून बाजूला लिहिलं, 'थोडंसं.'

किल्लीवाल्यांनी ते वाचलं. डोकं खाजवलं. मग अर्ज फाइलीत घालून फाइल मिटली.

यादी लागली. सून पहिल्या सहांत आणि दातांच्या दवाखान्यातली नर्स राखीव. नर्स नऊ वर्षं खेळत होती. ती दुसऱ्याच दिवशी दुकानात आली आणि काउंटरवर एक फोटो ठेवला. फोटोत सून होती, डोक्यावर माहेरच्या देशाची टोपी.

"सासरकडून खेळायला माझी ना नाही," नर्स म्हणाली. "पण माहेरकडून खेळल्यावर मध्ये तीन वर्षं जावी लागतात. नियम तुम्हीच शिकवलात ना, काका?"

फोटोवरच्या तारखेपासून स्पर्धेपर्यंत तीन वर्षं व्हायला सात आठवडे कमी होते.

समितीची बैठक तलावाच्या काठावर भरली. समितीत पाच जण, त्यातला खजिनदार पाय प्लास्टरमध्ये म्हणून घरीच.

"सुनेचा विषय आहे, तुम्ही बाहेर जा," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांची लाँड्री होती आणि त्यांना सगळं स्वच्छ लागायचं.

"गेलो तर तिघंच उरता. कोरम चारचा आहे."

"मग थांबा."

"थांबलो तर ऐकू येईल."

समितीतल्या पोस्टमनने पाण्याकडे बोट दाखवलं. "आत उतरा की. हजरही राहाल आणि ऐकूही येणार नाही."

नियमात हजर राहा म्हटलं होतं, कोरडं राहा असं कुठेच म्हटलं नव्हतं. किल्लीवाल्यांनी कपडे बदलले आणि बुडी मारली. ते खाली असेपर्यंत चर्चा चालायची. ते श्वास घ्यायला वर आले, की तिघंही छताकडे बघायचे.

"हरलेल्या मॅचमध्ये शेवटची चार मिनिटं उतरवली होती तिला," पोस्टमन म्हणाला. "हे काय खेळणं झालं?"

"चार मिनिटं नोकरी केली तरी नोकरीच," अध्यक्षबाई म्हणाल्या. समितीतला तिसरा, तलावाचा रखवालदार, त्याने होकाराची मान हलवली.

अकराव्या बुडीनंतर किल्लीवाले काठाला धरून धापा टाकत म्हणाले, "आता ठरवा बाबांनो, वय झालं माझं."

"ठरलं. दोन विरुद्ध एक. नियमात बसत नाही."

किल्लीवाल्यांनी चेहऱ्यावरचं पाणी निपटलं. मग पाण्यातूनच म्हणाले, "एक लिहून घ्या. अर्जावरचं 'थोडंसं' मी वाचलं होतं. वाचून फाइल मिटली."

अध्यक्षबाईंनी ते शब्द न् शब्द लिहून घेतलं.

घरी बायकोने तोफ डागली. "अहो, घरात एक धड खेळणारी, तिलाच बाहेर काढलंत?"

सून शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं मी."

"म्हणून तर विचारलं नाही," किल्लीवाले म्हणाले, आणि त्यांना जेवण गेलं नाही.

दोन दिवस सून तलावावर फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात आली. "प्रशिक्षक कुठल्याही देशाचा चालतो का?"

किल्लीवाल्यांनी नियमावली दोनदा वाचून बघितली. "मंगळावरचा असला तरी चालतो."

मग रोज सकाळी सहाला सून नर्सला तळाशी घासून काढायला लागली. स्पर्धेत नर्सने दोन गोल केले. दहा संघांत दरवेळी दहावा येणारा संघ नववा आला, आणि विमानतळावर पोस्टमन हार घेऊन उभा होता.

वार्षिक सभेत सुनेने ठराव मांडला, की एका घरातल्या दोघांनी समितीत बसू नये. मग स्वतःच सचिवपदाला उभी राहिली. किल्लीवाल्यांनी दोन्ही वेळा हात वर केला, आणि एकोणीस वर्षांची खुर्ची गेली. दुकानावरची खालची पाटी त्यांनी स्वतः उतरवून सुनेच्या हाती दिली.

तीन वर्षं केव्हाच उलटून गेल्यावर सून पहिल्यांदा सासरकडून खेळली, तेव्हा किल्लीवाले बायकोला घेऊन गॅलरीत बसले. वरून बघणाऱ्याला काय दिसणार? बारा पाठी आणि चोवीस फ्लिपर.

"आपली कुठली?" बायकोने विचारलं.

"ती. नाही, ती पलीकडची."

एकदम पाणी उसळलं, शिट्टी वाजली. किल्लीवाले ताडकन उठले, घसा फाटेस्तोवर ओरडले, टाळ्या पिटल्या. शेजारचा अनोळखी माणूस खूश होऊन त्यांच्या गळ्यात पडला. तो समोरच्या संघाचा होता, आणि गोलही.