पुढच्या सीटवरची जागा

नांदेडच्या प्रौढ साक्षरता वर्गात बानोबी आणि मी, पंचशीला, एकाच सतरंजीवर बसतो. ‘माहूर’ हा शब्द लिहिताना बानोबींचा हात दरवेळी थांबत असे. मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी आपले पती जहांगीरभाई यांची हकिगत सांगितली. पुढे जहांगीरभाईंशीही ओळख झाली आणि राहिलेले त्यांच्या तोंडून कळले.

जहांगीरभाईंची सारी उमर मुखेड-नांदेड रस्त्यावर जीप चालवण्यात गेली. पण त्यांची स्वतःची बायको कधी त्यांच्या शेजारी बसली नाही. डिझेलचा वास आला की बानोबींना उलट्या होत. दुसऱ्यांच्या लेकी-सुना माहेरी पोहोचवताना जहांगीरभाईंच्या जिवाला ही गोष्ट लागून राही.

म्हणून विजेवर चालणारी गाडी बनवणाऱ्या नांदेडच्या एका लहान कंपनीला चाचणीसाठी जुना ड्रायव्हर हवा आहे असे समजताच ते तडक गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडीत डोके घालून खोल श्वास घेतला. इंजिनिअर मंजुश्री मॅडम हसल्या.

“चाचा, कशाचा वास येतोय?”

“कशाचाच न्हाई, मॅडम. तेच पाहून राहिलो.”

त्या संध्याकाळी ते बानोबींना म्हणाले, “ही गाडी माहूरचा घाट चढली, की तुला पुढं बसवून वर दर्ग्याला नेतो.” बानोबींनी ठेवणीतली साडी बाहेर काढली. वाटेवरच्या पाट्या आपल्या आपण वाचता याव्यात, म्हणून त्यांनी वर्गात नाव घातले.

कंपनीचे दिवस मात्र कठीण होते. बॅटरीचे सामान परदेशातून वेळेवर येत नसे. आमच्याकडच्या उन्हात बॅटरी तापून बंद पडे. अखेर भांडवल देऊ शकणारे पाहुणे आले. गाडी नांदेडहून निघून माहूरचा घाट चढली तरच पैसा मिळेल, असे त्यांनी सांगितले. चाचणीच्या दिवशी मॅडमना घेऊन ते पुढे गेले आणि घाटमाथ्यावर थांबले.

एप्रिलच्या उन्हात जहांगीरभाई एकटेच निघाले. किनवटच्या पुढे, फाट्यावर, माहूरच्या देवळापाशी नारळ विकणारा नरसिंग नारळांची पोती घेऊन उभा होता. शेजारी दोन म्हाताऱ्या होत्या. रिकामी गाडी घेऊन उभ्या माणसासमोरून निघून जाणे जीपवाल्याला जमत नाही. त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

“चाचा, गाडी चालू हाय का बंद?” आत बसल्यावर नरसिंगने विचारले.

“चालू हाय की.”

“मंग आवाज कुठं गेला?”

“घरी ठिवून आलो. बायकोजवळ.”

म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसल्या.

घाटातल्या शेवटच्या वळणावर भाराने बॅटरी तापली, गाडी मंदावली आणि उभी राहिली. पाहुणे वरून पाहत होते. त्यांच्यादेखत पोती उतरवावी लागली. पाहुणे काही वाईट बोलले नाहीत, पण पैशाचा विषयही काढला नाही. नमस्कार करून निघून गेले.

मंजुश्री मॅडम नारळांकडे पाहत राहिल्या. “चाचा, आजच?”

“उन्हात उभे होते, मॅडम.”

एका पोत्याला हात लावून त्या म्हणाल्या, “बरोबर आहे. गाडी याच लोकांसाठी होती. पोत्यांसकट चढायला पाहिजे होती.”

पावसाळ्याआधी कंपनीला टाळे लागले. गाडी पुण्याला नेण्यासाठी ट्रक आला. फाटकाबाहेर कडुलिंबाच्या सावलीत बानोबी ती ठेवणीतली साडी नेसून उभ्या होत्या. गाडीवरची ताडपत्री काढून जहांगीरभाई मॅडमजवळ गेले.

“मॅडम, ट्रकवर चढवायच्या आधी बानोला पुढं बसवू द्या. माहूर न्हाई म्हणत मी. त्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येतो.”