नाकवाली गाडी आणि गाडीभोवतीचा फेरा

ये रे, जरा जवळ ये. तू अमेरिकेत आहेस हे मला कळतं, पण मी लिहायला बसले की तू इथेच समोर पाटावर असतोस, हातात चहाची बशी धरून. आणि जवळ आलास की आधी तुझा कान धरणार आहे. बहिणीचा मुलगा म्हणून लाड केले ते केले, पण गेल्या वर्षी माझ्या घरात भांडण लावून तू स्वतः खुशाल झोपायला गेलास.

भांडण कशावरून, तर ट्रकच्या नाकावरून.

तुला ठाऊक आहे, पण उद्या दुसरं कोणी वाचेल म्हणून नीट सांगते. तुझ्या काकांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, जन्मभर ट्रक चालवला. तारापूरच्या कारखान्यांतून कापडाचे तागे, रंगाचे ड्रम, लोखंडाच्या सळ्या, काय मिळेल ते भरायचं आणि सुरत नाहीतर भिवंडी गाठायची. गाडी जुन्या घडणीची, पुढे लांब नाक काढलेली आणि त्या नाकात इंजिन. एकदा मनोरच्या अलीकडे ती उभ्या ट्रेलरला मागून जाऊन धडकली. नाक पार चेपलं, पण ह्यांच्या गुडघ्याला साधं खरचटलं नाही. तेव्हापासून ह्यांचं एकच, "पायापुढं लोखंड पायजे." पुढे नाकवाल्या गाड्या जात चालल्या आणि मालकाने चपट्या तोंडाची गाडी आणली. त्याच दिवशी ह्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी आले. म्हणाले, "काचेला गुडघे टेकवून मी नाय चालवणार."

आणि नेमकी तसलीच चपटी गाडी आमच्या मुलाने धरली. बोईसरच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये तो ट्रेलर चालवतो, म्हणजे चालवत होता. बोईसर ते न्हावाशेवा, रोजचा रस्ता, म्हणून हे कुरकुर करत गप्प राहिले. मग त्याला पोलंडमध्ये ड्रायव्हरचं काम मिळालं. कागद आले, तिकडे सगळ्या गाड्या चपट्याच. मुलगा म्हणाला, "बाबा हो म्हणाले तरच जाईन." दसऱ्यानंतर आठ दिवसांत होय की नाही ते कळवायचं होतं.

हे नाहीच म्हणत होते. त्यात तुझा फोन आला.

आठवतं का? तू फोन फिरवून फिरवून तुझी गाडी दाखवलीस. हे एवढं लांब नाक, चकचकीत धुराडी, सीटच्या मागे खोली, खोलीत पलंग आणि फ्रिज. "काका, चाकाच्या मागे बसतो मी, खड्डा लागला तर पाठीला कळत नाही. झाकण उचललं की इंजिन हाताशी. तिकडच्या त्या चपट्या गाड्या म्हणजे खोकी." ह्यांनी लगेच मुलाकडे पाहिलं. "ऐक. आपल्यातला शहाणा काय म्हणतोय ते ऐक."

मुलगा बिचारा समजावत होता. तिकडे कायदा अख्खी गाडी मोजतो, नाकापासून शेपटापर्यंत. नाक ठेवलं तर तेवढा माल कमी. शिवाय गावांतले रस्ते चिंचोळे, वळायला जागा नाही. अमेरिकेत मागचा डबाच मोजतात आणि रस्ते सरळ, म्हणून दादाला, म्हणजे तुला, नाक परवडतं. हे म्हणाले, "मालाचं सांगतोस. पायाचं बोल." मलाही त्याचे पाय दिसत होते डोळ्यांसमोर. मी कोणाच्याच बाजूने बोलले नाही आणि दोघंही माझ्यावर रुसले.

दसऱ्याला यार्डात गाड्यांची पूजा असते. मुलाने आम्हा दोघांना नेलं. धुतलेल्या गाड्या रांगेत उभ्या. हार कुठे घालायचा इथपासून ह्यांचं सुरू. "नाक नाय, हार घालू कशाला?" मुलाने तो वायपरला अडकवला. मग हे म्हणाले, "कुंकू इंजिनाला लागलं पायजे. आमी काचेची पूजा नाय करत."

आता चपट्या गाडीचं इंजिन असतं सीटखाली. ते दिसायला अख्खी केबिन पुढे कलंडवावी लागते. मी ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. म्हणून प्रसादाचा शिऱ्याचा डबा मी आपला विश्वासाने केबिनमध्ये सीटवर ठेवून आले, उन्हात नको म्हणून. मेकॅनिकने बाजूच्या पंपाचा दांडा हलवायला सुरुवात केली, केबिन हळूहळू वाकली, आणि आत धडाधड आवाज. खाली आणल्यावर बघतो तर समोरच्या काचेवर शिरा, काजूसकट.

"गाडीनं नमस्कार केला तुला," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी हसले. मेकॅनिक म्हणाला, "चाची, प्रसाद पहले गाडी ने खाया."

काच पुसायला मुलगा वर चढला आणि तेवढ्यात त्याने ह्यांनाही हात देऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. हसण्याच्या भरात हे बसलेसुद्धा. मग तो मला म्हणाला, "आई, तू पुढे जा. अगदी चिकटून उभी राहा."

मी उभी राहिले, बंपरला हात लावून. मी ही अशी बुटकी, गाडी डोंगराएवढी. मला वरचं काही दिसेना.

वरून ह्यांचा आवाज आला. "डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय तुझा."

मी खाली बघितलं. तुटलाच होता.

काचेच्या वर बाहेरून एक आरसा असतो, सरळ खाली बघणारा. त्यात ह्यांना मी दिसत होते, डोक्यापासून पायापर्यंत. मी म्हटलं, "आता चप्पल घेऊन द्या." मग हे उतरले, एकेक पायरी धरून, आणि माझ्याकडे न बघता टायरपाशी बसले.

"लग्नाला वरीस झालं होतं," हे म्हणाले. "तू डबा घेऊन गेटवर आलीस."

मला तो दिवस चांगला आठवतो. मी कौतुकाने डबा घेऊन कारखान्याच्या गेटवर गेले होते. झाकण हातातून सुटलं आणि घरंगळत ह्यांच्या गाडीपुढे गेलं. मी वाकून उचललं. पुढच्या क्षणी हे खाली उतरून माझ्यावर ओरडत होते, चार माणसांसमोर. पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही म्हणाले. मी पुन्हा गेले नाही. मला वाटलं, ह्यांना माझी लाज वाटते, गावची बाई, नऊवारी नेसलेली. ते मी आजवर मनात धरून होते, तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"नाकामागनं मला तू दिसलीच नाय," हे म्हणाले. "मी क्लच सोडला होता. गाडी हातभर पुढं आली. क्लीनरनं दारावर थाप मारली म्हणून."

आणि मग मला दुसरं कळलं. हे गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरा मारायचे, पाऊस असो की ऊन. मी टोमणे मारायचे, गाडीला प्रदक्षिणा आणि बायकोला पाठ. तो फेरा भक्तीचा नव्हताच. रोज ते बघून घेत होते, पुढे कोणी वाकलेलं नाही ना.

मी त्यांच्या शेजारी टायरला टेकून बसले. काचेवरचा शिरा मुलगा फडक्याने पुसत होता. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं बघ. इतकी वर्षं मी उगाच रागावले होते, हे कळलं तर माणसाला वाईट वाटायला हवं. मला नुसतं हलकं वाटलं.

ह्यांनी मुलाला हाक मारली. "पायापुढं लोखंड नायच हाय. ते मला पटलेलं नाय. पण माणूस दिसतंय. जा तू." मग म्हणाले, "आरसा असू दे नायतर काय असू दे, फेरा मारायचा."

तो गेला. आता रविवारी फोन करतो. तिकडे म्हणे ठरलेल्या वेळी गाडी थांबवून झोपावंच लागतं, नाहीतर पोलीस दंड करतात. हे ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. बर्फातही तो फेरा मारतो. त्याचा सोबती त्याला हसतो, हसू दे.

तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, मावशी, मी आरशात बघतो. तुझं नाक तर ह्यांच्यापेक्षा लांब. तेव्हा आरशाचं मला सांगू नकोस, खाली उतरायचं आणि चालायचं. पोटही कमी होईल.

आणि इकडे ये बाबा. घोलवडचे चिकू भरात असताना ये, वाणगाव स्टेशनला उतरलास की रिक्षा मिळते, हे घ्यायला येतो म्हणतील, येऊ दे. नाक बरं की चपटं ते दोघं अंगणात बसून भांडा, मी शिरा करते. फोनवर पुरे झालं आता, लवकर ये.