टॉवेल घालता येत नाही असा लॅपटॉप

दुकानदाराने मोठा लॅपटॉप सुरू केला, त्यातला पंखा घरघरू लागला आणि आईने नकळत त्यावर तळहात ठेवला. घरी मिक्सर लावताना ती त्याला टॉवेल गुंडाळून वरून असाच हात दाबून धरते. बाबा रात्रपाळी करून येतात आणि आमच्या एकुलत्या एका खोलीत दिवसा झोपतात.

शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉप हलका होता, अजिबात आवाज न करणारा. आईने भांडं तोलावं तसा तो हातात तोलला. "हा काय पापड आहे? तो जड आहे, टिकेल."

मलाही मोठाच हवा होता. आर्किटेक्चरची माझी ड्रॉइंग त्यावर झरझर उघडली असती.

"बाबा झोपले की टॉवेल घालू त्याच्यावर," आई म्हणाली.

"तापून बंद पडेल तो, आई."

तिने हात काढून घेतला. पंखा पुन्हा मोकळा घरघरू लागला आणि मला तो आवाज चक्क आवडला. आमच्याकडे कुकरची शिट्टीसुद्धा बाबा उठेपर्यंत थांबते. मी धडे ओठांतल्या ओठांत वाचत कॉलेजपर्यंत आले. या हळूपणाचा कधी कधी फार थकवा येतो. एखादी वस्तू तरी आपल्या पूर्ण आवाजात चालावी असं वाटतं.

मी हलका घेतला. त्यावर मोठं ड्रॉइंग उघडायला वेळ लागतो. पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि मागे बाबा घोरत असतात. घरात मोठ्याने आवाज करायची मुभा तेवढी त्या घोरण्यालाच आहे.